कड्यावरचा खिळा

मी जव्हारला शिकवते, तिथे मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मोखाड्याकडचा कडा, त्यावर लोंबकळणारी लाल-निळ्या टोप्यांची माणसं आणि मागे कर्कश गाणं. "हे तुमच्याच पाड्याचं ना? काय नशीबवान हो तुम्ही," बाई म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि डबा बंद केला. त्या सगळ्या चित्रात मी एकच जागा शोधत होते. कड्याच्या माथ्यावर पायरीचं, पिंपळासारखं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी सपाट कातळ, आणि त्या कातळात ठोकलेला एक खिळा.

त्या खिळ्यावर माझा राग आहे. लोखंडावर राग धरणारी बाई मूर्ख म्हणायची, पण आहे.

गिर्यारोहक त्याला बोल्ट म्हणतात, आम्ही खिळाच म्हणतो. त्याच्या कडीत ते जाड पट्ट्यांची वेटोळी अडकवतात, त्यात दोर ओवून खाली उतरतात आणि दोर खालून ओढून घेतात. वेटोळं वरच राहतं. पुढच्यांचा आधीच्यांच्या वेटोळ्यावर भरवसा नसतो, म्हणून ते आपलं नवं अडकवतात. असं करत करत त्या कडीला इतके पट्टे झाले होते की लांबून नवसाच्या चिंध्या बांधल्यासारखं वाटायचं. लाल पट्टा उन्हानं गुलाबी होतो, मग पांढरा, आणि शेवटी सगळेच एका रंगाचे होतात.

हे खिळे येण्याआधी त्या कड्यावर माझा बा उतरायचा. कड्याच्या पोटात आग्या मोहोळ बसतं, वैशाखात ते काढायचं. दोर घायपाताचा, घरी वळलेला. वरचं टोक पायरीला बांधलेलं असायचंच, पण झाड काही दोर सोडत नाही की ओढत नाही. त्याला माणूस लागतो. आणि तो माणूस आमच्यात कुणीही असून चालत नाही. उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानेच धरायचा. भाऊबंद नको, सख्खा भाऊ नको, मित्र तर नकोच. कारण सरळ आहे. भावाभावांत जमिनीचा वाटा असतो, मित्राचं मन फिरू शकतं, पण बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात आहे तो डुलकी काढत नाही.

तेव्हा बाचा दोर मामा धरायचा. कमरेला एक वेढा, पाय कातळाच्या खोबणीत रोवलेले. त्याच्या कमरेला काचू नये म्हणून आईनं दोराच्या त्या भागावर आपल्या जुन्या लाल लुगड्याची पट्टी शिवली होती. धरणाऱ्याने सारखं बोलत राहायचं असा नेम होता, म्हणजे खाली लटकलेल्याला कळावं की वरचा जागा आहे. मामाला त्यासाठी वेगळा नेम करायची गरज नव्हती. तो माश्यांना शिव्या द्यायचा, बाला द्यायचा, पाड्यातल्या प्रत्येकाच्या घरची बातमी ओरडून सांगायचा. बानं दोराला दोन हिसके दिले की मात्र बडबड बंद. मग एवढंच म्हणायचा, "ये. मी हाय." आणि ओढायला लागायचा. लहानपणी हे ऐकलं की मी पोटातला श्वास सोडायचे.

पहिल्या पोळ्याचा मध मामाचा. तो गाडग्यात भरून आई स्वतः ओहळापलीकडच्या त्याच्या पाड्यावर घेऊन जायची आणि हौसेनं चार दिवस राहायची. तिचं माहेरपण ते तेवढंच.

बा आणि मामा भांडायचे मात्र दर वर्षी. आमच्याकडे भाताची आणि नाचणीची रोपं करायची तर आधी राब जाळावा लागतो. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडून जमिनीवर पसरतात. बांधावर मामाचं ऐनाचं झाड होतं, आणि बाचा कोयता फांदी कुणाची हे पाहत नसे. माघात भांडण ठरलेलं. मामा बांधावर उभा राहून गरजायचा, "ह्या साली तुझा दोर तूच धर." मग शिमगा जायचा, वैशाख यायचा, कड्यावर मोहोळ भरलेलं दिसायचं, आणि दोघांपैकी कुणीतरी कुणाच्या तरी अंगणात काही न बोलता जाऊन बसायचा. न बसून सांगतो कुणाला? दुसऱ्या कुणाच्या हाती दोर देता येत नव्हता. भांडण मिटवण्याची अक्कल दोघांनाही नव्हती, ती त्या दोराला होती.

मग दोरवाले आले, तेच गिर्यारोहक. बा त्यांची ओझी वाहायचा, वाट दाखवायचा, आणि माणसं वाईट नव्हती हे मी मानते. त्यांनी त्याला जेवू घातलं, आपला जुना कमरपट्टा दिला, खिळ्यावरून एकट्याने कसं उतरायचं, कसं वर यायचं हेही शिकवलं. बा मोठा हुशार, एका मोसमात शिकला. त्याच वर्षी माघात त्यानं ऐनाची शेंड्याची फांदी तोडली, झाड पार बोडकं करून टाकलं, आणि मामा नेहमीचंच वाक्य बोलला. फक्त यंदा बानं ते ऐकलं.

वैशाखात तो एकटा गेला आणि मध घेऊन आला. आईनं सवयीनं गाडगं धुऊन ठेवलं होतं. बा म्हणाला, ज्यानं दोर धरला त्याचा वाटा असतो, खिळा काय मध खातो? स्वतःच्या विनोदावर हसलाही. तरी आईनं गाडगं भरलं आणि पाड्यातल्या एका पोरीच्या हाती धाडलं. मामानं ते जसंच्या तसं परत पाठवलं. आई त्यानंतर माहेरी गेली नाही. भाऊ आणि नवरा यांच्या मध्ये ओहळ होता, पावसाळा सोडला तर त्याला घोटाभरही पाणी नसतं.

मी सुट्टीला गेले की बाशी वाद घालायचे. एकदा तरी जा त्याच्याकडे, म्हणायचे. बा म्हणायचा, अडलंय कुठं? आणि खरंच कुठे अडत नव्हतं. तो खिळा कधी हलला नाही. एकदा जरी निखळला असता, निदान लचकला असता, तर बा घाबरून मामाच्या अंगणात जाऊन बसला असता. असं मनात येतं आणि मग माझीच मला भीती वाटते. वर्षामागून वर्षं तसंच चाललं. बाच्या जुन्या दोराचं काय झालं विचारलं तर म्हणाला, तुकडे करून गुरांच्या दाव्यांना लावले.

गेल्या पावसाळ्याआधी बाला छातीचं दुखणं लागलं. जव्हारला माझ्याजवळ आणला, दवाखान्यात ठेवला. एका दुपारी तो खिडकीकडे बघत पडला होता. मी सहज विचारलं, मामाला बोलावू का? त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली.

"खिळा घट्ट हाय गं," तो म्हणाला. "पन त्यो बोलत नाय."

मी त्याच दिवशी मामाला निरोप पाठवला. मामा निघालाही. पण वाटेत एसटी बंद पडली, तो दुसऱ्या गाडीची वाट बघत बसला, आणि जव्हारच्या डेपोत उतरला तोवर बा गेला होता. मामा दवाखान्याच्या फाटकाशी थांबला, आत आलाच नाही. प्रेत गावी नेलं तेव्हा तो सगळ्यांच्या मागे चालत होता. आईशी एक शब्द बोलला नाही, आणि आईनंही मान वर करून पाहिलं नाही. मला दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. दोरवाल्यांची एक टोळी कडा साफ करायला आली होती. उन्हानं पट्टे आतून कुजतात, वरून चांगले दिसतात, कुणाचा जीव जाईल, म्हणून जुने सगळे कापून ते गोणीत भरत होते. त्यांच्यातली एक मुलगी पाणी मागायला अंगणात आली. तिच्या हातात दोराचा एक तुकडा होता. माथ्यावरच्या खिळ्याला सगळ्या पट्ट्यांच्या खाली हा बांधलेला होता, म्हणाली. हातानं वळलेला दिसला म्हणून फेकवला नाही, तुमच्यापैकी कुणाचा आहे का?

घायपाताचा तुकडा, करडा पडलेला. त्यावर लाल लुगड्याची पट्टी होती. वरून विटली होती, पण टाक्याच्या आत रंग तसाच होता.

आईनं तो हातात घेतला आणि खाली बसून आपलेच टाके पाहू लागली. वजन घ्यायला त्या तुकड्याचा काही उपयोग नव्हता. बानं तो नुसता बांधून ठेवला होता आणि दर वैशाखात त्याच्या शेजारून खाली उतरत होता. मी त्या मुलीसमोर रडले. तिला बिचारीला वाटलं आपलंच काही चुकलं.

आई उठली, तुकडा पदरात घेतला आणि ओहळ ओलांडून चालू लागली. मी मागोमाग. मामा ओट्यावर बसला होता. त्यानं तुकडा घेतला, पट्टीवरून अंगठा फिरवला.

"कुठं हुता?"

"खिळ्याला," आई म्हणाली. "तुझ्या जागंवर."

मामानं तो बाजूला ठेवला आणि मला विचारलं, शाळा कधी उघडते, गाडी मिळते का वेळेवर. मामीनं चहा दिला. मला वाटलं होतं तो रडेल, भांडेल, काही तरी करील. मी चिडून परत आले. आई मात्र तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी पुन्हा आली, जरा घाबरलेली. वर झाडापाशी एक म्हातारे बाबा बसलेत, म्हणाली. एकटेच मोठमोठ्यानं बोलतात, मध्येच शिव्या देतात. प्यायलेत का? आम्ही दोर लावावा की नको?

थोडं थांबा, एवढंच मी तिला सांगितलं आणि वर गेले.

पायरीखाली मामा बसला होता. पाय खोबणीत रोवलेले, कमरेवर तो तुकडा, आणि त्याची दोन्ही टोकं मुठीत गच्च धरलेली. खिळा त्याच्या शेजारी होता, मोकळा. मामा कड्याखाली बघून बोलत होता. माश्यांची आयमाय काढून झाली. नाचणी यंदा बरी हाय, म्हणाला. कुणाची सून पळाली ते सांगितलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, ऐनाला फांद्या फुटल्यात, राबाला लागतील तर ने.

मी झाडामागेच थांबले. बोलता बोलता तो गप्प झाला, आणि मला कळलं आता काय येणार ते.

"ये," मामा म्हणाला. "मी हाय."

आणि मग किती तरी वेळ तो तसाच पाय रोवून बसून राहिला.