वरून ओतलेली कॉफी

"उभं राहून पिला तर कॉफी पायात जातो, सार. बसा."

सीतम्मा माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. तेव्हा आमचा जिल्हा आंध्रात होता. आदिलाबादला शिक्षक म्हणून मी नवा लागलो होतो आणि बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं कॉफीचं छोटंसं दुकान होतं. मी उभ्याउभ्याच ग्लास मागितला. नव्या नोकरीचा ताठा अंगात होता, पण बाईंचा सूरच असा की मी मुकाट्याने बसलो. पुढे पाहिलं, तर कचेरीतला साहेब असो की कापसाचे बोद वाहणारा हमाल, बसल्याशिवाय कुणालाच कॉफी मिळत नसे. आणि बाक तर एकच होता.

सीतम्मा गोदावरीकडच्या. नवऱ्याच्या बदलीमागे इकडे आल्या, नवरा वारला, त्या इथेच राहिल्या. सगळे त्यांना अम्मा म्हणत. मराठी त्या आम्हा गिऱ्हाइकांकडूनच शिकल्या. मात्र बोलणारी बाई आहे की पुरुष, हा फरक त्यांनी कधी मनावर घेतला नाही. 'मी येतो, मी करतो' असं ठसक्यात चालायचं. आमची माणसं चहाची. गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपऱ्या होत्या, तरी अम्मांनी चहा ठेवला नाही तो नाहीच. कुणी मागितला तर म्हणायच्या, "घाई असलं तर तिकडे जा. चहा पळत पिता येतो."

कॉफी करतानाचे त्यांचे हात बघत राहावेत असे होते. फिल्टरमधला काळा काढा ग्लासात घालायचा, त्यावर गिऱ्हाईक पुरे म्हणेपर्यंत दूध, आणि मग ग्लास डोक्याच्याही वर नेऊन खालच्या वाटीत धार सोडायची. धारेत खंड नाही, थेंब बाहेर नाही, आणि वर फेसाचा डोंगर. गोंधळ व्हायचा तो दुधापाशी. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे. अम्मा दूध घालताना विचारायच्या, "चालू?" तामसीहून वांगी घेऊन येणारा एक माळी आपल्या मराठीत म्हणायचा, "चालू द्या." की अम्मा थांबल्याच. तो आपला अर्ध्या ग्लासाकडे बघत बसायचा. शेवटी मला म्हणाला, "मास्तर, बाई बोलाले गोड हाय, पन दुधाले लय चिकट." मी दोघांना दोन भाषांमधला घोळ समजावला, तेव्हा अम्मा इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. त्यानंतर मराठी माणसाला त्या आठवणीने "बस?" विचारायच्या. पण बेसावध असल्या की तोंडातून 'चालू'च निघायचं.

खेड्यावरच्या बाया दवाखान्याच्या कामाने यायच्या. हॉटेलात पाय ठेवायचा त्यांना संकोच. अम्मा त्यांना हाताला धरून आत, थेट आपल्या चुलीपाशी नेऊन बसवत आणि कुणाचं काय दुखतं ते सगळं काढून घेत. भाषा अर्धीच कळायची, पण बाया बाहेर येताना हलक्या झालेल्या दिसत. मला या बाईचं फार कौतुक वाटायचं.

त्याच वर्षी माझी आई गेली. बाबा गावात एकटे उरले. गाव जैनथच्याही पुढे, पैनगंगेच्या काठाला. आम्ही बौद्ध. बाबांनी हयातभर दुसऱ्याच्या शेतात राबून मला शिकवलं होतं. 'माझ्याकडे येऊन राहा' म्हणून मी किती विनवलं, पण शहराचं नाव काढलं की ते मान हलवत. तिथे आपल्याला कोण विचारतं, एवढंच म्हणायचे. अखेर एकदा नुसतं घर बघून जातो म्हणून आले. उतरल्या उतरल्या परतीची संध्याकाळची गाडी विचारून ठेवली. आजच्या दिवसात त्यांचं मन वळलं तर वळलं, नाहीतर ते पुन्हा यायचे नाहीत, हे मला कळत होतं. मी त्यांना आधी अम्मांकडे नेलं.

दुपार होती, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. अम्मांनी हात जोडले, बाबांना बाकावर बसवलं आणि कॉफीला लागल्या. ग्लास वर गेला, वरून धार सुटली, आणि बाबा एकदम उठून उभे राहिले. चेहरा पार उतरला होता. ते सरळ बाहेर पायरीवर गेले. मी मागे धावलो.

"माही जात हिले कोनं सांगतली?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

क्षणभर मला काही उमगेना. मग लख्ख कळलं. बाबांच्या तरुणपणी गावच्या हॉटेलात आमच्या माणसांना बाहेर उकिडवं बसावं लागे, आणि हॉटेलवाला भांड्याला भांडं लागू न देता उंचावरून त्यांच्या ग्लासात चहा ओते. बाबांनी वरून पडणारी धार तेवढी पाहिली होती. अम्मा साऱ्यांनाच अशी कॉफी करतात, फेसासाठी करतात, मी परोपरीने सांगितलं. ते म्हणाले, "तू मास्तर हायेस, तुले सारेच चांगलं म्हनतीन. मी गाडीवर जाऊन बसतो."

अम्मा दारात आल्या होत्या. "कॉफी चुकलं का, सार?" त्यांनी विचारलं. मोडक्या तेलुगूत मी जमेल तसं सांगितलं. वाटलं, आता त्या 'छे छे' म्हणतील, आपण तसल्या नाही म्हणून समजावतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. आत गेल्या, भरलेला ग्लास आणून बाबांच्या हातात दिला, आणि स्वतः पायरीवर, बाबांच्या पायांपाशी बसल्या. रिकामी वाटी दोन्ही हातांत धरून वर केली.

"अन्ना, तुमी टाका," त्या म्हणाल्या. "वरून टाका. मी पितो."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी ग्लास उचलला. धार वाकडीतिकडी होत वाटीत पडू लागली. वाटी भरत आली तशा अम्मा गडबडीने म्हणाल्या, "चालू, चालू!" बाबांनी ओतणं चालूच ठेवलं. कॉफी वाटीतून मनगटावर, मनगटावरून लुगड्यावर. अम्मा ओरडायच्या 'चालू', आणि बाबा आज्ञाधारकपणे ओतायचे. हसू आवरत मी 'पुरे, बाबा' म्हणालो तोवर ग्लास रिकामा झाला होता. मी अर्थ सांगितला. अम्मा खदखदून हसल्या आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच बाबाही हसले.

अम्मांनी वाटी तोंडाला लावली आणि शेवटच्या घोटापर्यंत कॉफी प्यायल्या. ओठ पुसले. "धार वाकडा आहे, अन्ना," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "उद्या सकाळी या. मी शिकवतो." मग बाबांसाठी नवी कॉफी केली, तशीच उंचावरून. बाबांनी ती बाकावर बसून घेतली.

अम्मा पुढे थकल्या आणि लेकीकडे निघून गेल्या. दुकान राहिलं नाही. त्यांच्यासारखं गिऱ्हाइकाचं मन राखणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. गाडीची वेळ होत आली. बाबा घराच्या ओट्यावर बसून होते, पिशवी आत खुंटीला. न राहवून मीच म्हणालो, "बाबा, गाडी लागली असंल."

"काऊन बे?" बाबा म्हणाले. "त्या बाईनं उद्या सकाळी बलावलं न मले. आज कसा जाऊ?"