सहावी खोली

आमच्या घरमालकांइतका हट्टी माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. पंचविशीत, एस.टी.च्या आगारात पान्हे फिरवताना त्यांनी ठरवलं, "साठीना आत सहा खोल्या भाडाले. मंग मी मोकया." हे ध्येय त्यांनी कुणापासून लपवलं नाही. लग्नात अक्षता टाकताना, तेराव्याच्या पंगतीत, दवाखान्यात इंजेक्शन घेतानासुद्धा ते सांगितलं. स्वतःला विसर पडू नये म्हणून गच्चीवरच्या टाकीवर लाल ऑइलपेंटने भला मोठा सहाचा आकडा काढला. तेव्हापासून गल्लीतल्या सहा नंबरच्या घराचं टपाल पोस्टमन आमच्याकडे टाकतो, आणि ते पोचवायला गेलेले आप्पा त्या घरालाही ध्येय ऐकवून येतात.

जागा हातरुमालाएवढी, म्हणून खोल्या एकावर एक चढल्या. खालच्या खोल्यांना मागणी जास्त, म्हणून मालक स्वतः सगळ्यात वर, माझ्या शेजारी. दर रविवारी ते प्रत्येक खोलीत येऊन बोटाने भिंत वाजवत आणि कान लावून ऐकत. "भित बोलस, मास्तर. आयकनारा पाहिजे." भाडेकरू निवडण्याची रीतही त्यांचीच. आधी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. पाणी मागणारा नापास. धडगावहून बदलून आलेली नर्स आणखी ठेचा मागून पास झाली. खांडबाऱ्याचा विमा एजंट पहिल्याच घासाला स्टेशनाकडे पळाला. मी कोकणातून आलेला शाळामास्तर. डोळ्यांना धारा लागल्या, पण पाणी मागितलं नाही. त्यांना वाटलं, खोली मिळाल्याच्या आनंदाने मास्तर रडतोय.

पुढे आई माझ्याकडे आली. तिचे गुडघे गेलेले, एकवीस पायऱ्या ती बसत बसत उतरायची. गेल्या वर्षी आप्पांना साठावं लागलं तेव्हा पाच खोल्या भरल्या होत्या. त्यांनी अंगणातली पडकी पडवी पाडून सहावी बांधायला काढली. ती दुकानाला मिळावी म्हणून एक मोबाईलवाला रोज खेटे घालत होता. एका सकाळी घाईघाईने जिना उतरता उतरता आप्पा म्हणाले, "मास्तर, दिवाळीना आगुदर तुम्हनी खोली खाले करनी शे."

म्हणजे घर सोडायचं. का, हेही विचारलं नाही. मानी स्वभाव नडला. आठ दिवस शाळा सुटली की मी खोल्या बघत फिरलो, आणि मिळेल ती खोली माडीवरच. आईने लोणच्याच्या बरण्या जुन्या लुगड्यांत गुंडाळायला घेतल्या. "नवा जिना आता एकदाच चढेन हो," ती म्हणाली, "मग काही उतरायची नाही." मला आप्पांचा खरोखर राग आला. एवढा ठेचा गिळला तो याचसाठी?

शेवटी मान खाली घालून गेलोच. "आप्पा, आईकडे बघून वर्षभर तरी राहू द्या."

आप्पा थक्क झाले. "आरे, तुम्हले कोन काढी ऱ्हायना?" त्यांनी बोट जमिनीकडे रोखलं. "खाले, मास्तर, खाले! नवी खोली मायले. ना जिना, ना पायरी."

तीन वर्षं अहिराणी ऐकूनही त्यांचं 'खाले' म्हणजे खालच्या मजल्यावर, हे न कळून मी त्याचं 'खाली करा', म्हणजे रिकामी करा, असं केलं होतं, आणि खोली खाली हलवण्याऐवजी सोडायला निघालो होतो. मी तिथेच फतकल मारून बसलो आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. आईने बरण्यांवरची लुगडी सोडली आणि दोन दिवसांनी त्या मांडायला नवी फळी मागितली.

आम्ही खाली आलो, आमच्या वरच्या खोलीत नवा तलाठी आला, आणि साठी भरायच्या आत आप्पांच्या सहा खोल्या झाल्या. पेढे वाटून ते दमून नव्या खोलीच्या उंबऱ्यावर टेकले, तेव्हा मी म्हटलं, "मोबाईलवाल्याला दिली असती तर जास्त फायदा झाला असता, आप्पा."

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "मन्ही माय चार साल वरच बठेल व्हती, मास्तर. तवय खालनी खोली मी भाडाले दियेल व्हती."

आतून आई त्यांना चहाला हाक मारत होती. ते लवकर उठले नाहीत.