आधी पाणी, मग खोली

मंडळी, हसू आवरत नाहीये म्हणून लगेच लिहितेय.

मी नांदुऱ्यात घरूनच वेबसाइट बनवते. सध्याचं काम शेगावच्या एका लॉजचं. सकाळी मालक काकांना तयार साइट दाखवायला गेले. उघडताच मोठं, ठळक बटण: ‘खोली बुक करा’.

काकांचा चेहराच उतरला. “दारात माणूस आला का आपण त्याले आधी पाणी देतो. तू तं आल्या आल्या खोली घे म्हणून राह्यली!”

“अहो काका, मोबाइलवर पाणी कसं देणार?”

“ते तू पाह्य. पाण्याबिगर साइट चालू नाही करायची.”

बरीच हुज्जत घातली. शेवटी वैतागून बटणाच्या वर लिहिलं, ‘या, बसा. आधी पाणी घ्या.’ शेजारी तांब्या-पेल्याचं चित्र टाकलं, साइट सुरू केली आणि स्टेशन गाठलं. आता हे काम चारचौघांत दाखवायची सोय उरली नाही, असं गाडीत सारखं वाटत होतं.

घरी पोचते न पोचते तोच काकांचा फोन. पहिलं बुकिंग आलं होतं, नाशिकच्या एका कुटुंबाचं. ‘काही सांगायचंय?’ या जागेत त्यांनी लिहिलं होतं: ‘पाणी घेतलं. आता खोली द्या.’

“पाह्यलं? अन तू नाही म्हणत होती!” काका नुसते खुशीत.

तुमच्याकडे आलेल्या माणसाला आधी काय विचारतात? खाली नक्की सांगा. उद्या साडीच्या दुकानाचं काम सुरू करायचंय, आणि तिथे चहा झाल्याशिवाय साडी उलगडत नाहीत.