फॉर्मवरचा सातवा प्रश्न

माणसाच्या आतड्यांत कोणते जिवाणू राहतात आणि त्यांचा तब्येतीशी काय संबंध, याचं संशोधन चालतं तिथे मी नोकरी करते. डोकं चालवणारे वेगळे. मी घरोघरी जाऊन फॉर्म भरते, झाकणाची डबी देते आणि दुसऱ्या दिवशी ती भरलेली आणून बर्फाच्या पेटीत ठेवते. डबीत काय असतं ते सांगायला नको. पुण्यात दारात उभं राहून पाणी मागणंही अवघड, तिथे हे मागायला कातडी जाड लागते. माझी आहे.

फॉर्मवरचा सातवा प्रश्न असा: गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलंय का? त्याने रोगाच्या जंतूंबरोबर पोटातले चांगले जिवाणूही मरतात, म्हणून घेणाऱ्याचा नमुना आम्हाला चालत नाही. बहुतेक लोक पटकन नाही म्हणतात. मग मी खोदून विचारते, दाढ दुखली होती का, घसा धरला होता का. कसबा पेठेत बांगड्यांचं दुकान असलेल्या एका चाचांनी डबी भरून, वरून रुमाल बांधून तयार ठेवली होती. मी खोदल्यावर म्हणाले, "तापात तीन दिवस गोळ्या घेतल्या होत्या. पण त्या काय धरायच्या, बाई?"

"धरायच्या," मी म्हटलं आणि त्यांच्या नावावर काट मारली.

"खरं बोललो म्हणून काढलंत," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. मला मात्र त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं.

आई माझ्याजवळच राहायची, कोथरूडला. शाळेतून निवृत्त झालेली, जिभेला धार असलेली बाई. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जखम चिघळली आणि अँटिबायोटिकचे कोर्समागून कोर्स झाले. जखम भरली, पण पोट गेलं. चांगले जिवाणू मेले आणि औषधाला दाद न देणारा एक जंतू आत मोकाट सुटला. दिवसातून दहा-बारा वेळा जुलाब. औषध चालू असेपर्यंत थांबायचे, बंद केलं की पुन्हा सुरू. चार महिन्यांत तिचे हात बघवेनासे झाले.

शेवटी डॉक्टर म्हणाले, निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू नळीने हिच्या आतड्यात सोडून बघू. ते रुजले तर हा जंतू हटेल. मला वाटलं आई किळस करील. ती म्हणाली, "लहानपणी तुझं पुष्कळ काढलंय मी. आता पोटात घालून घ्यायचं एवढंच राहिलं होतं."

देणारं कोण, हा प्रश्न होता. भावाला मधुमेह, तो बाद. वहिनी विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आली आणि म्हणाली, "ताई, माझं चालत असेल तर घ्या. मला कधी साधी सर्दीसुद्धा होत नाही." खरंच होत नाही. पण मी तिला म्हटलं, तू कशाला त्रास घेतेस, मी आहे ना. आईचं सगळं मीच करत आले होते. ऐन वेळी येऊन तिला वाचवण्याचा मान वहिनीने न्यावा, हे मला सहन होईना. आज हे लिहिताना लाज वाटते, पण कारण तेच होतं, दुसरं नाही.

दवाखान्यात माझ्यापुढे फॉर्म आला. त्यावरही तोच प्रश्न होता.

त्याच्या पंधरा दिवस आधी माझी अक्कलदाढ ठणकत होती. रजा मिळत नव्हती. आमच्याकडे बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात उरलेली औषधं साठवतात. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या की आधीची पट्टी त्यात जाते, कारण टाकून द्यायची आमच्या घरात रीत नाही. आईने अंथरुणातून हात लांब करून डब्यातली तिचीच अँटिबायोटिकची एक पट्टी काढून दिली. "फुकट जाण्यापेक्षा तुझ्या पोटात गेलेल्या बऱ्या." चार दिवस घेतल्या, दाढ थांबली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

फॉर्मवरच्या त्या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं. चारच तर दिवस, असं मनाशी म्हटलं. चाचा म्हणाले होते तसंच.

रक्ताच्या, शौचाच्या तपासण्या झाल्या. त्यात काही निघालं नाही, आणि हे त्यात दिसणारही नव्हतं. जिवाणू आत सोडल्यावर आईला सहा दिवस बरं वाटलं. तिने मऊ भात मागून खाल्ला. सातव्या दिवशी पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टर म्हणाले, "कधी कधी रुजत नाहीत. का, ते सांगता येत नाही. पुन्हा करू, पण आधी यांना थोडी ताकद येऊ दे." मला एक कारण सांगता येत होतं. तेच खरं कारण होतं का, हे कुणालाच कधी कळणार नाही.

त्या दुपारी मी आईला सांगितलं. फॉर्मवर खोटं लिहिलं, त्या गोळ्यांचं लपवलं.

ती डोळे मिटून पडली होती. "माहीत आहे मला. गोळ्या कुणी दिल्या होत्या?" पुढे म्हणाली, "डॉक्टरांनी मलाही विचारलं होतं, मुलीने एवढ्यात काही औषध घेतलंय का म्हणून. मी नाही म्हटलं."

"का गं?"

"तू 'नाही' लिहून बसली होतीस. चारचौघांत तुला खोटं पाडू?" मग म्हणाली, "वहिनीला सांगू नकोस. ती जन्मभर बोलून दाखवील."

ताकद आली नाही. नऊ दिवसांनी आई गेली.

तेराव्याला स्वयंपाक सगळा वहिनीने केला. पंगत उठल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि माझा हात हातात घेतला. आई म्हणाली तसं काही ती बोलली नाही. ती म्हणाली, "ताई, तुम्ही स्वतःच्या पोटातलं दिलंत. याहून जास्त कुणी काय करायचं?"

मी हो म्हटलं.