कढत पाणी

काष्टीच्या बाजारात तो चुलीपुढं बसून भाकरी थापायचा. झुबकेदार मिशा, पण चालायचा कंबर हलवत. माझी बायको गेल्यापासून दर शनिवारी मी त्याच्याकडं जेवायचो. घरी मी थापलेल्या भाकरीचे तुकडेच व्हायचे.

एकदा एका बैलवाल्यानं टोमणा मारला, "काय वहिनी, लगीन कवा?"

त्याचा हात थांबला न्हाई. "दादा, ही चाल आईच्या पोटातून आणली. बाईशी लगीन करावं असं कधी वाटलंच न्हाई. भाकरी मातर आईनं शिकवली. दोन्हीची लाज न्हाई मला. वाढू तुला?"

बैलवाल्यानं गुमान ताट पुढं केलं.

मग मीही धीर करून विचारलं, "लेका, माझी भाकरी का मोडती?"

"बाबा, पीठ गार पाण्यात मळता व्हय? कढत घ्या."

चाळीस वर्षं हिच्या हातचं खाल्लं आणि एवढंही मला ठाऊक नव्हतं. लहानपणी चुलीपाशी बसलो की बाप उठवायचा, बाईचं काम म्हणून.

आज सकाळी माझी भाकरी टम्म फुगली. पहिली हिच्या फोटोपुढं ठेवली. दुसरी फडक्यात बांधून, छाती काढून, त्याला दाखवायला बाजारात निघालोय.