न पुरलेली संत्री

ती घटना आठवली की आजही माझ्या कपाळाची शीर उठते.

परवा फोनवर तुम्ही दोघं हसत सांगत होतात, की तुमच्या आईने इथून नेलेले आंबे तिकडच्या विमानतळावर काढून घेतले आणि कचऱ्यात टाकले. "आजी, तू असतीस तर त्या माणसाला आत टाकलं असतंस," असंही म्हणालात. मी हसले नाही. त्या माणसाने आपलं काम केलं. ज्यांनी केलं नाही त्यांची ही हकीकत आहे, आणि त्यांत मीही येते. नावं कोणाचीच देत नाही.

मी तेव्हा बदलापूर भागातल्या एका पोलीस ठाण्याची प्रमुख होते. एप्रिल संपत आला होता. सकाळची हजेरी झाली, रात्रपाळीचे लोक घरी गेले, आणि मी केबिनकडे जात असताना ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी हशा ऐकला. समोर पन्नाशीची एक बाई उभी होती, हातात खताची जुनी गोणी. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यातून ती आली होती. गोणीत संत्री होती.

"मावशी, संत्र्यात किडे निघाले तर फळवाल्याशी भांडा," हवालदार म्हणत होता. "आम्ही काय किड्यांना अटक करायची?"

"मी इकत नाय घेतली," ती म्हणाली. "टेम्पो आला नि माज्या बांधाला वतून गेला. मी आडवी गेले तर बोलतो, ढोरांना घाल, फुकट हाय. फुकट कोन कोनाला देतो, साहेब?"

तिने एक संत्रं टेबलावर फोडलं. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. एक अळी धनुष्यासारखी वाकली आणि उडी मारून थेट स्टेशन डायरीवर पडली. हवालदाराने ती झटकली. बाई ओरडली, "झटकू नका, चिरडा! मातीत गेली की संपलं."

हशा थांबला. त्या खोलीत किडीबद्दल काही कळणारी ती एकटीच होती. तिच्या सात जांभळी होत्या, बांधावर पेरू होते. जांभूळ उतरवायला बांबूची परांची बांधून झाली होती. पंधरा दिवसांत तोडा सुरू व्हायचा होता आणि तिच्या घराचं वर्ष त्यावर चालायचं.

तिने सोबत खोक्याचा एक फाटका पुठ्ठाही आणला होता. त्यावर परदेशातल्या बागेचा छाप आणि मालाचा क्रमांक होता. बारीक इंग्रजी अक्षरं मी चष्मा लावून वाचली आणि आयात फळांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाला फोन लावला. दुपारी तिथली एक तरुण शास्त्रज्ञ बरण्या घेऊन आली. तिने फळ पाहिलं, क्रमांक पाहिला, आणि खुर्चीत बसलीच.

"मॅडम, हा माल बंदरावर आम्हीच अडवला होता. जिवंत अळ्या सापडल्या म्हणून नष्ट करायचा हुकूम झाला. चार दिवसांपूर्वी अंबरनाथजवळ खड्डा खणून, चुना टाकून पुरला. फोटो आहे, पंचनामा आहे."

"मग हे काय आहे?"

तिने फोडलेलं फळ बरणीत टाकून झाकण घट्ट लावलं. मग तिने मला समजावलं. या अळ्या फळातून बाहेर पडून मातीत शिरतात, तिथे कोष होतो, कोषातून माशी निघते आणि ती जवळच्या कुठल्याही पिकत्या फळात अंडी घालते. जिचा संशय होता ती माशी आपल्या देशात नव्हती. एकदा वस्ती केली की ती जात नाही, आणि मग पेरूपासून जांभळापर्यंत काहीच सुरक्षित नसतं. बांधावरची माती लगेच औषधाने भिजवायला हवी होती. पण तसा हुकूम मागायला तिने फोन केला तेव्हा वरून उत्तर आलं, की जो माल कागदावर पुरला गेला आहे तो बांधावर कसा असेल?

म्हणजे आधी तो कागद खोटा ठरवायला हवा होता. अळ्या त्यासाठी थांबणार नव्हत्या.

माल नष्ट करण्याचं कंत्राट उल्हासनगरच्या एका माणसाकडे होतं. त्याला बोलावलं. अत्तर लावून आला, खुर्ची ओढून बसला.

"मॅडम, पेपर एकदम क्लिअर आहे. सही, शिक्का, फोटो. और क्या चाहिए?"

"संत्री बांधावर कशी आली?"

"दुनियेत एवढीच संत्री आहेत काय? आणि किड्याचं काय घेऊन बसलात. लहानपणी आपण सगळ्यांनी किड्यासकट बोरं खाल्ली. कोण मेलं?"

तीस वर्षांत मी एक पाहिलं. पाकीटमार पोलिसासमोर घाबरतो, कारण त्याच्याजवळ फक्त त्याचे हात असतात. ज्याच्याजवळ शिक्क्याचा कागद आहे तो घाबरत नाही. तो तुमच्याकडे बघून हसतो.

तो गेल्यावर मी पंचनामा पुन्हा वाचायला घेतला. सकाळी अकरा ते साडेबारा. खाली सरकारी अधिकाऱ्याची सही, त्याने ती खुर्चीतूनच केली होती हे पुढे उघड झालं. मग दोन पंच. दुसऱ्या पंचाच्या सहीची शेपटी लांब होती आणि तिच्याखाली दोन टिंबं. ती सही मी रोज पाहत होते. आमच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवाल्याची. ऐन वेळी पंच मिळत नाहीत, लोक कोर्टाच्या फेऱ्यांना भितात, म्हणून आमचं ठाणं वर्षानुवर्षं त्यालाच बोलवत असे. सगळे त्याला काका म्हणत.

मी आमचीच एक फाइल मागवली. सोनिवलीतली घरफोडी. घटनास्थळाचा पंचनामा, तीच तारीख, तीच वेळ, तीच शेपटी.

काकांना आत बसवलं.

"काका, त्या दिवशी अकरा वाजता तुम्ही सोनिवलीत होता की अंबरनाथला?"

"टपरीवर होतो मॅडम."

"मग या दोन सह्या?"

"तुमच्या साहेबांनी कागद आणला, केली. त्या कंत्राटवाल्याचा माणूस चहाला येतो, त्यानं आणला, केली."

"वाचलं नाही?"

"पयल्या वेळी वाचायला लागलो होतो." ते टोपी हातात घेऊन बसले होते. "तुमचेच हवालदार बोलले, काका, पेपर वाचायला बसलास काय? मार सही, चहा थंड होतोय."

हात उचलावासा वाटला. कोणावर? घरफोडीचं ते प्रकरण वरिष्ठांकडे गेलं तेव्हा त्यावर माझीही सही होती. कंत्राटदाराने खोटा पंच शोधायला कष्टच घेतले नव्हते. आम्ही तयार करून फाटकाबाहेर बसवलेला त्याने वापरला.

माझा उपनिरीक्षक दार लावून म्हणाला, "मॅडम, काकांचं नाव काढूच नका. दुसरा पुरावा शोधू. घरफोडीतले आरोपी सुटतील."

"दुसरा पुरावा किती दिवसांत?"

"आठ-दहा."

मी काकांचा जबाब नोंदवला, दोन्ही सह्यांसकट. वरिष्ठांचा फोन आला. "तुम्ही काय लिहिताय ते कळतंय ना?"

"कळतंय सर. उशिरा कळलं."

जबाब समोर ठेवल्यावर कंत्राटदाराचं हसू गेलं. त्याच्याकडून नाव मिळालेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरने तासाभरात गोदाम दाखवलं, विठ्ठलवाडीच्या बाजूला. तिथे बायका बसून चांगल्या फळांवरचे स्टिकर सोलत होत्या. तो माल बाजारात जायचा, आणि सडका पाड्याच्या बांधावर. कोर्टाच्या परवानगीने उरलेला माल दुसऱ्या दिवशी खरोखर पुरला. मी खड्ड्याच्या काठावर खोली मोजायची टेप धरून उभी होते.

बांधावर मात्र पाच दिवस गेले होते. हुकूम आला तो असा: माती भिजवा, आणि आजूबाजूच्या झाडांवरचं सगळं फळ उतरवून नष्ट करा.

बरणीतल्या अळ्यांची पुढे माशी झाली, ती संशय होता तीच निघाली. झाडांना लावलेल्या सापळ्यांत मात्र दोन वर्षांत तशी एकही माशी आली नाही. कंत्राटदार जामिनावर सुटला. घरफोडीचे आरोपीही सुटले. ज्यांचं घर फुटलं होतं त्या म्हाताऱ्या जोडप्याला मी स्वतः जाऊन कारण सांगितलं. त्यांनी मला पाणीही विचारलं नाही, बरोबर केलं. माझ्यावर ठपका आला, तो मी घेतला. बाईच्या भरपाईच्या अर्जाला माझी बदली होईपर्यंत उत्तर आलं नव्हतं.

मला यातून कळलं ते एवढंच. देशाच्या वेशीवरची तपासणी यंत्राने होत नाही. शेवटी कोणीतरी खड्ड्यापाशी उन्हात उभं राहायचं असतं, आणि तिथे कोणी उभं नसेल तर बंदरावरचे सगळे हुकूम रद्दी आहेत. चोराचा राग सरतो. आपल्याच सवयीचा सरत नाही.

फळ उतरवायच्या दिवशी ती बाई स्वतः परांचीवर चढली. जांभळं अजून हिरवी-तांबडी होती. फांद्या हलवल्या की खालच्या जाळीवर सडा पडायचा.

वरूनच तिने शास्त्रज्ञ मुलीला विचारलं, "माज्या झाडाला कीड दिसली काय, बाय?"

"नाही मावशी. पण दिसेपर्यंत थांबलो तर उशीर होईल."

"मंग त्या टेम्पोवाल्याचं काय उतरवनार?"

असं म्हणून तिने पुढची फांदी हलवली.

फळ पुरून झाल्यावर पंचनामा मी बांधावरच लिहिला. पंच म्हणून पाड्यातले दोघे होते, सकाळपासून तिथेच. मालकीण म्हणून तिचीही सही लागणार होती. मी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवली. शेवटी आमचं नेहमीचं वाक्य आलं, की मालकिणीने सदर फळे स्वखुशीने नष्ट करू दिली.

"खुशीनं नाय," ती म्हणाली. "ते खोडा."

मी खोडलं, बाजूला माझी सही केली, आणि मगच कागद तिच्या हातात दिला.