अकरा बावीसची नोंद

लखनौच्या त्या संशोधन संस्थेत सुरेखा वझलवारला सगळे 'अचारवाली मॅडम', म्हणजे लोणचेवाली, म्हणत, तेही तोंडावर. दर शनिवारी, सुट्टी असूनही, ती बख्शी का तालाबहून ऑटो बदलत यायची आणि मेलच्या पहारेकरी यंत्रातल्या नोंदी, म्हणजे लॉग, उतरवून आपल्या सर्व्हरवर मुरत ठेवायची. कुणाची मेल, कुणाला, किती वाजता, समोरच्यानं घेतली की परत पाठवली, सगळं ते यंत्र लिहितं. पण जागा भरली की जुनं पुसतं. हे तिनं चार साहेबांना सांगितलं. ऐकेल तो साहेब कसला!

एका सोमवारी संस्थेत कंत्राटावर काम करणारी उल्का डोळे पुसत आली. लखनौतच वाढलेली पोर. मराठी समजायची, उत्तर हिंदीत.

"काकू, मेरा कॉन्ट्रॅक्ट तो गया."

तिचा पगार ज्यातून निघे त्या प्रकल्पाच्या निधीचा अर्ज तिनं मुदतीच्या दिवशी, संध्याकाळी पाचला आठ मिनिटं कमी असताना दिल्लीच्या कार्यालयाला पाठवला होता. महिन्यानं दिल्ली म्हणत होती, मिळालाच नाही.

"सेंट में दिखने से क्या होता है? पहुँचा कहाँ?" विभागाचे सक्सेना साहेब म्हणाले. यात मात्र त्यांचं चुकत नव्हतं. यंत्रात पाहिलं, तर त्या तारखेचं काही उरलंच नव्हतं.

"अब, सुरेखा जी?" साहेबांनी विचारलं.

"अब अचार," म्हणत तिनं त्या तारखेची फाइल उघडली.

साहेबांनी चष्मा लावून चार बावन्नची ओळ शोधली. नव्हती. मागेपुढेही नव्हती.

"देखिए, मशीन झूठ नहीं बोलती."

"नाहीच बोलत. पण तिचं घड्याळ ग्रीनिचचं आहे. साडेपाच तास वजा करा की!"

रागात ती मराठीवर आली; साहेबांना उल्कानं घाईघाईनं हिंदीत सांगितलं.

अकरा बावीस. उल्काचा पत्ता, दिल्लीचा पत्ता आणि दिल्लीच्या सर्व्हरचं उत्तर: मेल स्वीकारली. शिवाय त्यांच्याच सर्व्हरनं दिलेला पोचेचा क्रमांक.

साहेबांनी ती ओळ तशीच दिल्लीला पाठवली. दुपारी उत्तर आलं: अर्ज स्पॅममध्ये सापडला, वेळेत धरतो.

"सुरेखा जी," साहेब घसा खाकरत म्हणाले, "ये शनिवार वाले काम का ऑर्डर निकाल दूँ?"

"निकालिए. मेरे नाम से." सुरेखानं खुर्ची मागे सारली. "और साथ में उल्का का नाम. कॉन्ट्रॅक्ट बढ़ाए बिना शनिवार को आएगी कैसे?"